एल्त्योच्या पेशी बोलतात

ग्रोनिंगन या उत्तरेकडच्या डच प्रांतातल्या माणसाला कौतुक आणि तक्रार या दोन्हींची ॲलर्जी. कौतुकाचा कळस म्हणजे 'याहून वाईट होऊ शकलं असतं.' एल्त्यो बोलहाउस यात गावाचा पुढारी. घराला आग लागली तरी 'जरा उबदार झालंय' एवढंच म्हणेल.

तीस वर्षं तो कालव्यावरचा पूल दांडा फिरवून बोटींसाठी उघडत होता. मग त्याच्या रक्तातल्या राखणदार पेशींनाच दुर्बुद्धी सुचली. जंतू सोडून त्या त्याच्याच नसांचं आवरण कुरतडू लागल्या. पाय बधिर, बोटं लुळी. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं मिळत, म्हणून दांडा फिरत होता.

वसंतात डॉक्टर स्मेट्सबाईंनी डोस कमी करून पाहिला. बाई दक्षिणेकडच्या, बोलघेवड्या.

"कसं वाटतंय?"

"चाललंय की."

बाईंनी 'उत्तम' असं लिहिलं. पुढच्या खेपेला सलाईन बंद करायचं ठरलं.

त्या खेपेला मात्र बाई कागद बघून थबकल्या. इस्पितळातल्या संशोधनासाठी एल्त्योच्या पेशी मोजल्या जात.

"हल्ला करणाऱ्या पेशी वाढल्यात, त्यांना आवरणाऱ्या घटल्यात. पण नुसत्या आकड्यांवर मला औषध ठरवता येत नाही. तुम्ही सांगा, बोलहाउस."

"जरासं जड वाटतं."

"जरासं म्हणजे किती?"

"जरासंच."

शेजारी बसलेली बायको रीना खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "अहो डॉक्टरबाई, ह्याच्या बापाचा पाय मोडला, तर म्हणे 'अडखळलो'! ह्या घराण्यात खरं बोलतात त्या फक्त पेशी." तिने दोन्ही तळहात टेबलावर ठेवले. फोडच फोड.

"हे कशाने झालं?"

एल्त्योपुढे पेच. बोलावं तर पूल बायको उघडते हे उघड होणार. न बोलावं तर सलाईन जाणार, आणि मागोमाग पूलही.

"दांडा तीच फिरवते," तो म्हणाला. "महिना झाला. माझी बोटं वळत नाहीत. बटणंही तीच लावते."

एका दमात चार वाक्यं! बाईंनी पूर्वीचा डोस त्याच दिवशी सुरू केला.

परतताना गाडी रीना चालवत होती.

"फार बोललो का गं?"

रीनाने रस्त्यावरची नजर काढली नाही. "याहून वाईट होऊ शकलं असतं."

एल्त्योचे कान लाल झाले. एवढं तर ती लग्नाच्या दिवशीही म्हणाली नव्हती.