मेलेल्या बाईची मशीन

मशीन मलकापूरहून एसटीच्या टपावरून आली. बारदानात गुंडाळलेली, सुतळीने करकचून बांधलेली. ह्यांनी ती घरात आणून ठेवली आणि लढाई जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. हाताने फिरवायची, काळी, जुनी विलायती मशीन. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी अर्धी घासून गेलेली. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता, बुलढाण्याच्या कचेरीत ह्यांची कारकुनीही नवीच होती, आणि मशीन पाहिजे म्हणून मीच वर्षभर ह्यांचं डोकं खाल्लं होतं.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणत असे, अमडापूरहून राहायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोणाची व्हय रे?"

"एका दुकानदाराची. बायको बाळंतपणात गेली त्याची. म्हणे, घरात पाहावत नाई."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मला सातवा महिना होता. माझी आईही, मी लहान असताना, अशीच बाळंतपणात गेली होती. म्हणून तर पहिलटकरीण असूनही माहेरी माझं करणारं कोणी नव्हतं आणि आत्याबाईंना यावं लागलं होतं. कुठे काय बोलावं ही अक्कल देवाने ह्यांना दिलीच नव्हती.

आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "पोरी, त्या मशीनले हात लावू नोको."

ऐकलं असतं तर ती मी कसली! भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण मी भ्यायले हे कोणाला दिसलेलं मला त्याहून खपत नसे.

दुकानदाराने ह्यांना एवढंच सांगितलं होतं की वरच्या भोकांत तेल सोडत जा. बाकी सगळा आनंद. दोरा कुठून कुठे न्यायचा ते मी माझ्या मनाने ठरवलं. चार टाके पडले की दोरा तटकन तुटे आणि कापडाखाली हा गुंता! उसवायचं, पुन्हा ओवायचं. शेवटी वैतागून सुई काढून हातात घेतली, तर तिची एक बाजू सपाट निघाली. मीच बाईसाहेब ती उलटी लावून बसले होते! फिरवून लावली आणि जुन्या धोतराच्या तुकड्यावर सरळ टीप धावली. त्या दिवशी मी त्या मेलेल्या बाईला पार विसरले.

दुसऱ्या दिवशी चाक जड लागलं. मग आणखी जड. आठवडा संपायच्या आत ते जागचं हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी नाही. कोणीतरी पलीकडून मूठ धरून ठेवलीय असं वाटलं. ही तीच. माझं शिवणं तिला सहन होत नाही. नेमकं त्या दिवशी पोटातलं बाळही हलेना. मी भिंतीला टेकून बसले, पोटावर हात ठेवून, आणि मनातल्या मनात त्या अनोळखी बाईच्या विनवण्या करू लागले. मशीन घे बाई, सगळं घे, एवढं सोड. संध्याकाळी बाळाने लाथ मारली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पण त्या खोलीत जायची हिंमत गेली ती गेलीच.

आत्याबाईंना यातलं काही बोलले नाही. सांगितलं होतं ना, असं त्या म्हणतील याचीही भीतीच.

फार दिवस भीती वाटली की मला राग येतो. आत्याबाई दळण घेऊन चक्कीवर गेल्या तशी मी घासलेटची बाटली उचलली आणि चाक सुटावं म्हणून मशीनच्या भोकांत ओतली. जरा थांबून मशीन आडवी केली. आतून थेंब गळला. लाल. मग आणखी. घट्ट, लालभडक, सारवलेल्या जमिनीवर. मी अशी किंचाळले की शेजारच्या कोंबड्या फडफडल्या.

आत्याबाई नेमक्या दारात आल्या होत्या. मला वाटलं, धावत येतील. त्या पिठाचा डबा टाकून मटकन खाली बसल्या.

"रक्त नाई व ते. शेंदूर हाय. मीच टाकला."

रोज सकाळी आंघोळ झाली की त्या जवसाच्या तेलात शेंदूर कालवून त्या भोकांत सोडत होत्या, मारुतीला लावतात तसा. पोराने हसू नये म्हणून वरचं पदराने पुसून टाकत. जवसाचं तेल वाळलं की डिंकासारखं धरतं, त्यात शेंदूर. चाक फिरेल कशाला?

मी अशी भडकले! "अवो आत्याबाई, मशीन व्हय का मारुती? जीव गेला असता ना माझा भेवानं!"

"तिले शांत करून राह्यली होती व मी." त्या सांडलेलं पीठ गोळा करू लागल्या. "चाक बसलं तं बरंच वाटलं मले. म्हटलं, आता ही बसत नाई तिच्यावर." मग खाली पाहून म्हणाल्या, "तुह्या मायचं मले माहीत होतं. सोयरीक जुळली तवा लोक म्हनत, त्या घरची पोरगी नोको करू, मायवानी जाईन. मीच हट्टानं आनली तुले. आता तुले काई झालं तं तुह्या बापाले काय तोंड दाखवू?"

म्हणजे जे मी कोणाला दिसू देत नव्हते, ते ही बाई माझ्या लग्नाआधीपासून पोटात घेऊन बसली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. "आत्याबाई, मले लय भेव लागते," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी म्हणाले.

"मलेबी," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी तिथेच बसून पोटभर रडलो आणि मग घासलेटने मशीन धुतली.

दिवस भरले. कळा सकाळी सुरू झाल्या आणि दुपार उलटली तरी सुटका होईना. आता आपलीही आईसारखीच गत, असं मला पक्कं वाटू लागलं. माझं डोकं मांडीवर घेऊन आत्याबाई सारख्या म्हणत होत्या, "भेऊ नोको, मी हाय ना. मी हाय ना." शेवटी पोरगी झाली आणि खणखणीत रडली. मी म्हटलं, "आत्याबाई, मी हाय." मान वळवून पाहिलं तर त्या मागच्या मागे भिंतीला कलंडल्या होत्या, आणि सुईण दाराकडे तोंड करून ओरडत होती, "बाळंतीण बरी हाय व! म्हातारीले पानी आना कोनी!"