न ठेवलेला हात

भूतखेत, भास, दृष्टांत… असलं कोणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. चाळीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहिली. गोदामात एकटा झोपलोय, कधी काही दिसलं नाही. आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती, तरी चर्चमध्ये कोणी उठून ‘मला आवाज आला’ म्हणाला की मी खाली बघतो. शिक्षण चौथी. मोबाईलवर बोलून हे लिहिलंय, चुका असतील तर असू द्यात.

कोपरखैरण्यात आमचं माथाडीचं घर, आता वर दोन मजले चढवलेत. मुलगा सुधीर आणि सून मार्था सकाळी साडेआठला ड्युटीवर जातात, सातला येतात. त्यांची पोरगी रूथ, माझी नात, मीच वाढवली. ताप आला तर कपाळावर ओल्या पट्ट्या मी ठेवायच्या. गेल्या वर्षी बारावी झाली आणि म्हणाली, चर्चतर्फे वर्षभर सेवेला जाते, फिलिपाइन्सला, डोंगरातल्या गावात.

“बारावी पास होणारी घरातली पहिली तू. आणि चाललीस परक्यांच्या दारोदार?”

“दारोदार नाही हो आबा. मुलांना शिकवायचं, आजाऱ्यांना बघायचं. आल्यावर कॉलेज करते ना.”

“आजारी इथं नाहीत? मी काय धडधाकट आहे?”

“तुमी? तुमी अजून मला पण उचलाल!”

हसण्यावारी नेलं तिनं. मी मात्र बोलणं बंद केलं.

जायच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना होती. आमच्यात कोणाला सेवेला पाठवताना वडीलधारे डोक्यावर हात ठेवतात. रूथ पुढं गुडघे टेकून बसली. सगळे वडीलधारे उठून तिच्याजवळ गेले. पाळक म्हणाले, “आबा, या.” मी बसूनच म्हणालो, “माझे गुडघे दुखतात.” त्याच सकाळी तांदळाचं पोतं मी दोन जिने वर नेलं होतं, तिनं बघितलं होतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हिचे उघडे. माझ्याकडे बघत होती.

मार्केटात एक रीत आहे. पोतं पाठीवर घेणाऱ्याला मागून कोणीतरी हात द्यायचा असतो. भांडण असलं तरी नाही म्हणायचं नाही. मी उभ्या आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नव्हतं. घरच्या पोरीला म्हटलं.

ती गेली. दर सोमवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. रिंग वाजली की मी चपला घालायचो. मागून तिचा आवाज यायचा, “आबा कुठायत?” मी गार्डनला जाऊन बाकावर बसायचो. मनात एकच — महिन्या-दोन महिन्यांत रडत परत येईल. मी वाट बघत होतो त्याची. घरात दिवसभर माझ्याशी बोलायला दुसरं होतं कोण?

तर तो गुरुवार. सकाळचे अकरा. मी खिडकीशी मटार सोलत बसलो होतो. उजवा तळहात अचानक तापला. आधी वाटलं ऊन, पण ऊन पायाशी होतं. मग तळव्याखाली काहीतरी गोल लागलं… वर केस. ताप आलेल्या लेकराचं डोकं हाताला कसं लागतं, मला माहीत आहे. तसंच. हात गुडघ्याच्या वर वीतभर, अधांतरी. हलवता येईना.

तेवढ्यात बेल वाजली. “काका! ओ काका! सिलिंडर!”

मी ओरडलो, “थांब, हात मोकळा नाही!” असं का बोललो, आजही सांगता येत नाही.

सिलिंडरवाला खिडकीतून डोकावला. “एकटेच तर बसलाय काका!” सिलिंडर दाराशी ठेवून तो शेजारी गेला, पावतीवर सही घ्यायला परत आला, तेव्हा कुठं हात सुटला. तळवा लालभडक.

संध्याकाळी मार्थानं बघितलं. “आबा, भाजलं? गॅसवर काय ठेवलं होतं?”

“गॅस होता कुठं? सिलिंडर संपलेला, नवा अजून लावलेला नाही.”

सोमवारी मी चपला घातल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. रूथ पार वाळली होती. म्हणाली, “मम्मी, मी परत येणार होते. बुधवारी बॅग भरली. गुरुवारी लय ताप होता. सोबतची मुलगी औषध आणायला गेलेली, दीड वाजला असेल. मला घरी पाठवा, असं सांगायला फोन हातात घेतला, आणि कोणीतरी डोक्यावर हात ठेवला. खरखरीत. अंगठ्याला नख नव्हतं, मम्मी.”

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख पोतं ओढायच्या लोखंडी आकड्यानं गेलंय, तिच्या जन्माआधीच.

“आबा आहेत का तिथं?”

मी पुढं झालो.

“आबा, गुरुवारी माझ्यासाठी प्रार्थना केली का तुमी?”

“नाही. मटार सोलत होतो.”

ती हसली. हसता हसता डोळे पुसले. “मग मी नाही केला फोन. थांबले. अजून सात महिने आहेत आबा, पण करेन मी.”

सुधीरनं हिशोब केला. तिथलं घड्याळ अडीच तास पुढं. दीड म्हणजे आपले अकरा. मग म्हणाला योगायोग. पाळक म्हणतात देवाची करणी. तापात तिला माझा अंगठा आठवला असेल, मान्य. पण माझ्या हाताला तो ताप कुठून आला? पुढच्या सिलिंडरला त्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, “हात असा वर धरलेला… मला वाटलं काकांना लकवा मारला.”

मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा, पण उगाच समजूत घालायला काहीतरी सांगू नका.

एकच सलतं. ती घरी यावी म्हणून मीच हटून बसलो होतो. आणखी पाच मिनिटं गेली असती तर तिनं फोन केला असता, आली असती. चर्चमध्ये मी दिला नाही तो हात मला न विचारता गेला, आणि तिला तिथंच ठेवून आला.

आता दर गुरुवारी अकरा वाजता मी हातातलं काम बाजूला ठेवतो. तळवा खाली करून हात गुडघ्याच्या वर वीतभर धरतो. दुखेपर्यंत धरतो. हात गारच असतो.