इल्लीगल होरी

आमच्या ग्रुपमध्ये कुणाला नावानं हाक मारत नाहीत, स्टेशनानं मारतात. मी कांदिवली. ज्यांच्या दवाखान्यात आम्ही महिन्यातले दोन रविवार जमतो ते दातांचे डॉक्टर म्हणजे घाटकोपर. आणि ज्यांच्याशी माझं पहिल्या दिवसापासून वाजायचं ते रिटायर्ड इंजिनिअर म्हणजे मुलुंडचे काका. सगळे मिळून दहा-बारा जण, सगळे कमावते किंवा कमावून बसलेले, आणि सगळ्यांना खूळ एकच, प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं. हो, तेच ते. डोक्यावर खुंट्या असलेले, एकमेकांत टक्कन बसणारे, मुलांच्या वाढदिवसाला देतात ते.

मी शाळेत गणित शिकवते. दहावीची पोरं मला टरकून असतात आणि तसंच ते राहावं अशी माझी इच्छा आहे. म्हणून स्टाफरूममध्ये कुणी रविवारचं विचारलं की मी सांगायचे, दातांच्या डॉक्टरकडे जाते. यात खोटं काहीच नव्हतं. दोन वर्षांनी इतिहासाच्या बाई काळजीनं म्हणाल्या, "अगं, चांगला डॉक्टर बघ ना दुसरा, हा नुसता फिरवतोय तुला."

दवाखान्यात आम्ही काय करायचो? भांडायचो. ठोकळे रंगावर लावायचे की आकारावर, यावर एक अख्खी दुपार गेली आहे. नवखा माणूस हमखास रंगावर लावतो आणि मग लाल ढिगात एक एवढासा लाल तुकडा शोधत बसतो. खोके फोडायचे की सीलबंद जपायचे, यावर तर दोघांची बोलाचाल बंद झाली होती. मी फोडणाऱ्यांतली. न फोडलेलं खोकं कपाटात ठेवून त्याच्याकडे बघत बसणं मला जमत नाही.

पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं, किंवा मुलुंडच्या काकांनी ते करून घेतलं होतं. ठोकळा जसा बसायला बनवलाय तसाच बसवायचा. दाबून, पिळून, वाकवून, दोन खुंट्यांच्या फटीत कोंबून बसवला तर तो दिसतो ठीक, पण आतून ताणलेला असतो. काही दिवसांनी त्यावर पांढरी रेघ उमटते आणि एक दिवस तो तडकतो. अशा जोडाला या छंदातली जगभरची माणसं इल्लीगल म्हणतात. आमच्यातही तोच शब्द. इल्लीगल जोड असलेली कुठलीही वस्तू आमच्या प्रदर्शनाच्या टेबलावर येणार नाही, हा काकांचा कायदा. ते खिशात भिंग घेऊन फिरायचे. मला त्या भिंगाचा मनापासून राग होता.

आता होडीचं सांगते.

मी मूळची वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. बाबा पस्तीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके होते, होडी त्यांची स्वतःची. होडीला आमच्यात होरी म्हणतात. गुडघे गेले, भावानं नोकरी धरली, आणि होडी दोन पावसाळे वाळूत उभी राहून शेवटी फोडली गेली. फळ्या कुणी कुणी नेल्या. तिचा पुरा फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. भावाच्या हळदीच्या फोटोत मागे ती अर्धी दिसते, उरलेल्या अर्ध्यापुढे आत्या उभी आहे.

ती होडी मला बांधायची होती. बोरिवलीच्या हॉलमध्ये आमचं दोन दिवसांचं प्रदर्शन ठरलं होतं आणि बाबांना मी तिथे आणणार होते. याआधी मी केलेलं जे जे त्यांना दाखवलं, पोस्ट ऑफिस म्हणा, पाण्याची टाकी म्हणा, ते त्यांनी बघितलं न बघितलंसं केलं आणि "बरं हाय" म्हणून चहा मागितला. सेहेचाळीस वर्षांच्या बाईनं बापाच्या शाबासकीसाठी झुरावं हे मला शोभत नाही, पण झुरत होते. एकदा तरी त्यांनी माझ्या हातच्या वस्तूपुढे थांबावं, एवढंच हवं होतं.

चार महिने खपले. बाकी सगळं जमलं, नाळ जमेना. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. दोन्ही बाजूंच्या फळ्या तिथे वळत वळत येऊन एकत्र मिळतात, आणि ठोकळे हे काटकोनाचं खानदान. शेवटी मी लांब पट्ट्या घेतल्या, जोर लावून वाकवल्या आणि टोकाला कोंबून बसवल्या. झकास दिसत होतं. फोटो ग्रुपवर टाकला.

तो रविवार मी वर्सोव्याला होते. स्वयंपाकघरात बोंबील तळत होते आणि फोन बाहेर बाबांच्या खाटेवर होता. जेवायला बसलो तर बाबा गप्प. ते तसेही फार बोलत नाहीत, म्हणून मी लक्ष दिलं नाही. हात धुताना म्हणाले, "पुढच्या रविवारी तुज्यासंगं येतंय. त्या तुज्या दातवाल्याकडं."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. कधी नव्हे ते बाबांना बघावंसं वाटलं! रविवारी वर्सोव्याहून घाटकोपरपर्यंत मेट्रोनं नेलं त्यांना. इस्त्रीचा शर्ट, काखेत एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत काय म्हटलं तर म्हणे, "ऱ्हाऊ दे."

दवाखान्यात सगळे जमले होते. मी ओळख करून दिली. बाबांनी कुणाकडे पाहिलं नाही. म्हणाले, "मुलुंडवाला कोन?"

काका हसत पुढे आले. बाबांनी पिशवीतून कागद काढले आणि टेबलावर एकेक मांडले. होडीचं रजिस्ट्रेशन, लायसन, तपासणीचे दाखले, सगळं घडी पडून पडून पिवळं झालेलं. मग काकांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "शेठ, पस्तीस वर्सं पान्यात होती. एकदा कुनी अडवली नाय. आनि तू घरात बसून बोलतोस माजी होरी इल्लीगल?"

काकांना अरेतुरे करणारं माणूस आम्ही तोवर पाहिलं नव्हतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बोंबील तळत असताना काकांचा आवाजी मेसेज आला होता आणि बाबांनी तो लावून ऐकला होता, म्हणून मला तो नवा म्हणून दिसलाच नव्हता. आता मीही ऐकला. "कांदिवली, होडी सुंदर आहे, पण नाळेपाशी सरळ सरळ इल्लीगल आहे. ही होडी टेबलावर येणार नाही."

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच सुटले. बाबा हसले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक तर बाबांचा असा पचका, त्यात माझी होडी नापास झाल्याचं मला चारचौघांत कळलेलं.

आणि हसले नाहीत ते दुसरे म्हणजे काका. त्यांनी आधी सगळ्यांना गप्प केलं. मग हात जोडून म्हणाले, "तांडेल, चूक माझी. शब्द माझा वाईट. तुमच्या होडीबद्दल मी कोण बोलणार?" बाबांना दातांच्या खुर्चीवर बसवलं, कारण तीच एक चांगली खुर्ची होती, आणि चार ठोकळे हातात देऊन इल्लीगल म्हणजे काय ते समजावलं. हा बसला तो बरोबर, हा कोंबला तो चूक. बाबांनी ते दोनदा करून पाहिलं. मग मला म्हणाले, "तुजी आन बगू."

मी होडी पुढे ठेवली. त्यांनी नाळेवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले, तिथेच परत फिरवला.

"बरोबर बोलतो हा," बाबा म्हणाले. "हितं जोर हाय. हितंच फुटंल."

मी इतकी भडकले की काय सांगू! अरे, मी मुलगी तुझी, चार महिने मरमर केली, आणि तू त्याच्या बाजूनं? "बाबा, मग तूच सांग ना कशी वाकवायची!" मी ओरडलेच. दहावी-बच्या वर्गात ओरडते तशी.

बाबांना राग आला नाही. उलट ते खुर्चीत सरसावून बसले. "फळी कदी एका जागी वाकवतात काय गो? सुतार टोकाला हात लावतच नाय. पार मागनं सुरू करतो. हितं थोरी, हितं थोरी, हितं थोरी. कुठल्याच जागेला कळत नाय आपुन वाकलो म्हनून. नाळंपाशी पोचंपर्यंत ती वळलेली असती."

काका ताडकन उठले. "ढिलाई!" म्हणाले. "अहो, ढिलाई!" मग आम्हाला सांगू लागले, एरवी मला ज्याचा कंटाळा यायचा तसंच, पण या वेळी मी कान टवकारून ऐकलं. दोन ठोकळ्यांच्या जोडात केसभर ढिलाई असतेच. एका जोडात ती दिसतही नाही. पण लांब पट्टीऐवजी बारीक बारीक ठोकळे घेतले, एक गोल, एक चौकोनी, पुन्हा एक गोल, तर त्या सगळ्या केसभर ढिलाया एकत्र होतात आणि अख्खी भिंत आपसूक वळते. कुणावर जोर नाही. शंभर टक्के लीगल.

मी तिथल्या तिथे हिशेब मांडला. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, दोन्ही बाजू, नऊ थर. निळे बारीक ठोकळे सहाशेच्या वर लागत होते, कारण बाबांची होडी निळी, दुसरा रंग चालणारच नव्हता. माझ्याकडे होते सत्तर. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आणि बाहेरून मागवले तर महिना. वाट लागली होती.

घाटकोपरनं स्वतःचे डबे उपडे केले, दीडशे निघाले. बोरिवलीनं घरून आणून द्यायचं कबूल केलं. तरी निम्मे कमीच. दोन दिवसांनी मुलुंडचे काका माझ्या शाळेच्या गेटवर उभे. हातात मिठाईचा मोठा खोका. मी उघडला तर आत निळे बारीक ठोकळे, काठोकाठ.

काकांच्या दिवाणखान्यात एक निळं इंजिन होतं. कोळशाचं, चाकं फिरणारं, त्यांनी चार वर्षं खपून केलेलं. त्याला आम्हाला हातसुद्धा लावू देत नसत.

"काका, इंजिन?"

"पुन्हा करीन. करायलाच तर आलोय ना आपण," असं म्हणून ते पाऊस यायच्या आत निघायला हवं वगैरे काहीतरी पुटपुटत रिक्षात बसले. मार्च महिना होता. मी गेटवर उभी राहून रडले आणि दहावीच्या चार पोरांनी ते पाहिलं. पाहू देत.

पुढचे दोन रविवार आणि मधल्या बहुतेक संध्याकाळी मी वर्सोव्याला होते. बाबा खाटेवर, मी खाली फरशीवर, मध्ये सूप. ठोकळे सुपात पसरले होते, आकारावर लावून. मी थर चढवायचे आणि ते अंगठ्यानं तपासायचे. "हितं कडक हाय" म्हटलं की तो थर काढायचा. त्यांना ठोकळ्यांचं काही कळत नव्हतं आणि त्यांचं एकदाही चुकलं नाही. मागून सुरुवात केली, हितं थोरी, हितं थोरी, आणि एका शनिवारी दुपारी दोन्ही बाजू नाळेवर येऊन मिळाल्या. मी काहीच जोर लावला नव्हता. आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते बघत बसलो.

प्रदर्शनाच्या सकाळी काकांनी भिंग काढलं. ओळखीपाळखीचा काही संबंध नाही, पंधरा मिनिटं तपासत होते. डावी बाजू, उजवी बाजू, पोटाखालून. मग त्यांनी भिंग खिशात घातलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "लीगल!" टाळ्या, शिट्ट्या, घाटकोपरनं तर टेबल बडवलं. मी आकाशातच होते. बोर्डात माझ्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला त्या दिवशीसुद्धा मी एवढी खूश नव्हते.

होडी मधल्या टेबलावर, सगळ्यांच्या पुढे. बाबा सकाळपासून तिच्याशेजारी उभे, खुर्ची दिली तरी बसेनात. कुणीही आलं की सांगायचे, ही नाळ, हा वल्ह्याचा खांब, हितं मी बसायचो.

दुपारी कोळीवाड्यातून भाऊ चौघांना घेऊन आला. त्यात बाबांचे जुने वैरी होते, शेजारच्या होडीचे तांडेल. दोघांनी जन्मभर एकमेकांच्या होडीला नावं ठेवली होती. ते आले आणि होडीभोवती एक फेरी मारून आले. वाकून नाळेच्या रेषेत डोळा लावला, होडी विकत घेणारा माणूस लावतो तसा. आता हा माणूस खेळणं म्हणणार आणि बाबांचा चेहरा पडणार.

ते सरळ झाले. म्हणाले, "नाळ चांगली उतरली. सुतार कंचा?"

आमच्यात होडी चांगली निघाली की मालकाला पहिलं हेच विचारतात. नव्या होडीच्या मालकाला.

बाबांनी माझं मनगट धरलं आणि मला पुढे ओढलं.

"हा काय," ते म्हणाले. "घरचाच हाय."