अडचण आली तरच फोन करा

आर्णीच्या आमच्या घरासमोर जीप येऊन उभी होती, बॅगा वर चढल्या होत्या, आणि माझी धाकटी बहीण उज्ज्वला खिडकीत डोकं घालून माझ्याकडून फ्रेंच क्रियापदं म्हणवून घेत होती. एक चुकलं. ती म्हणाली, "ताई, तिथं नाक कापशील आमचं." ड्रायव्हरही हसला.

पुण्यात शिकताना मला एक शिष्यवृत्ती मिळाली होती: फ्रान्समधल्या एका शाळेत उन्हाळाभर राहून फ्रेंच शिकायचं. नियम कडक. पोचल्यापासून निघेपर्यंत दुसरी भाषा तोंडातून काढायची नाही, फोन ऑफिसात जमा. सवय व्हावी म्हणून निघण्याआधी महिनाभर मी घरीच तालीम केली. आई कुरड्यांचा चीक शिजवायची, मी तो घोटत फ्रेंचमध्ये बडबडायची. "काय बोलून राह्यली वं? मले शिव्या तं नाही देत?" आई विचारायची. उज्ज्वला पुस्तक घेऊन माझ्या चुका काढायची. तिला पावसाळ्यात अमरावतीला एम.एस्सी.ला जायचं होतं. बाबा नको म्हणत होते, पण माझं ऐकायचे. मी परतले की त्यांच्याशी बोलायचं, असं आमचं ठरलं होतं. तोवर ती दम धरणार होती.

शाळेच्या ऑफिसचा नंबर मी कपाटाच्या दाराला चिकटवला आणि बाबांना सांगितलं, सहज म्हणून फोन करू नका, अडचण आली तरच करा. बाबांनी ते फारच मनावर घेतलं. चातुर्मासात कोणी मौन धरावं तसं ते गल्लीत सांगू लागले, पोरीनं नेम धरला, आपण मोडायचा नाही.

तिकडे मी मजेत होते. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

परतले तेव्हा नागपूरला घ्यायला बाबा एकटेच आले होते. उज्ज्वला कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "उमरखेडले. तिचं लग्न झालं."

आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. पाहुणे जमले, स्वयंपाक झाला, की एखादा म्हातारा उठतो आणि म्हणतो, "दोनदा मांडव कायले? आजच लावून टाका." मग अक्षता वाटतात. माझ्या बहिणीचं तसंच झालं. सकाळी साक्षगंधाला बसलेली पोर दुपारी नवरी होऊन गेली. ती रडली, तर बायका म्हणाल्या, सगळ्याच रडतात. आई तेव्हा पंगतीत वाढत होती.

"मले कळवलं काहून नाही? नंबर होता ना?"

बाबा शांतपणे म्हणाले, "अडचण आली तरच कर, म्हणली होती नं तू? हे तं शुभकार्य होतं."

हा भोळेपणा होता की बेरकीपणा, मला अजून कळलेलं नाही. मी घरी असते तर गप्प बसले नसते, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. तुमच्यातलं कोणी बाहेर गेलं असेल तर ऐकून ठेवा. घर आपली वाट पाहतं, हे गाण्यात ठीक आहे. घर आपल्यामागे उरकून घेतं.

आता मी फ्रान्समध्येच शिकवते. सुट्टीत आले की यवतमाळहून थेट उमरखेडची एसटी पकडते. गाडी आर्णीवरूनच जाते. आई स्टँडवर डबा घेऊन येते, खिडकीतून देते आणि म्हणते, "उतर नं माय, घोटभर चहा तं घे." मी डबा घेते आणि सांगते, "आई, गाडी सुटून राह्यली."

उमरखेडला उज्ज्वला सासूला विचारून दोन तासांसाठी मोकळी होते. मी जुना विषय काढला की म्हणते, "जाऊ दे ताई, आता बोलून काय फायदा." मग पोराला माझ्या मांडीवर देते आणि चहा टाकायला जाते. त्या दोन तासांत मी माहेरी असते. मग सासूबाई आतून हाक मारतात.