हिरव्या अक्षरातली भरती

आमच्या खाडीकाठच्या पोरांना मी एकदा दहा-दहा वेळा लिहायला लावलं, की समुद्राला दिवसातून एकदाच भरती येते. तुम्ही हसा. मला अजून संतापच येतो.

सून शिक्षिका आहे. परवा विचारत होती, "आई, वर्गासाठी ऑनलाइन चांगलं काय काय मिळतं?" खूप मिळतं. धडधडतं काळीज दाखवणारे व्हिडिओ, फिरवता येणारी पृथ्वी, मोठ्याने वाचून दाखवणारी पुस्तकं, तीही फुकट. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी भाळले ती आपोआप तपासल्या जाणाऱ्या चाचणीवर. प्रश्न टाकायचा, बरोबर पर्यायावर टिचकी मारायची. मुलांनी सोडवलं की चूक लाल, शेजारी बरोबर उत्तर हिरवं, वर रंगीत आलेख. प्रशिक्षणातला साहेब म्हणाला, "मॅडम, आता वह्या तपासणं विसरा." आणि ही बया, म्हणजे मीच, पहिल्या बाकावर, केसांना ताजी मेंदी लावून, मान डोलावत बसलेली. विसरलीच लगेच!

माझी शाळा जयगडच्या खाडीपलीकडे. रोज होडीने जायचे. ओहोटीला धक्क्याशी नुसता चिखल, होडी लागतच नाही. पाणी चढेपर्यंत बसून राहायचं. होडीवाल्याची मुलगी माझ्याच सातवीत. तालुक्याच्या विज्ञान स्पर्धेसाठी तिचं नाव मीच ठरवलं होतं. महिनाभर पोर त्याच तयारीत होती.

चाचणी बनवताना भरतीच्या प्रश्नाला माझं बोट 'दोनदा' सोडून 'एकदा'वर पडलं. सगळा वर्ग लाल. मी प्रश्न वाचलासुद्धा नाही.

"सातवा प्रश्न कुणालाच आलेला नाही, आलेखच सांगतोय. हिरवं उत्तर दहा वेळा लिहून आणा."

होडीवाल्याची पोर उठली. "बाई, हिरवं चुकलंय."

"यंत्राला कळत नाही आणि तुला कळतं?"

"होय तर."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. झालं! बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नाही लिहिलंस तर स्पर्धेला जायचं नाही," मी म्हटलं. तिने वही मिटली. दुपारी मी तिच्या जागी दुसरं नाव भरून पाठवलं आणि वर शिक्षकांच्या खोलीत ऐकवलं, "उद्धट मुलगी शाळेचं नाव काय राखणार?"

त्या दिवशी सकाळी मी भरल्या पाण्यातून आले होते. संध्याकाळी पुन्हा पाणी भरायची वाट बघत धक्क्यावर तासभर बसले. पाणी चढलं, होडी आली, मी साडी सावरून चढले. डोक्यात उजेड काही पडला नाही. टॅब घेऊन फिरणारं इतकं सुशिक्षित गाढव अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नसेल.

दुसऱ्या दिवशी वह्या जमा झाल्या. जुन्या सवयीने वरची उघडली. वळणदार अक्षरात दहा ओळी: भरती दिवसातून एकदा येते. दुसरी उघडली, तेच. तिसरी वही ज्याची, तो मुलगा तर पहाटे किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून शाळेत येणारा. जन्मापासून ठाऊक असलेलं पोरांनी माझ्या धाकाने खोटं ठरवलं होतं.

नाव बदलायला गेले, तर नोंदणी बंद. तालुक्याला फोन केला. "मॅडम, सिस्टिम आता घेत नाही." म्हणजे पोरीचं नाव खोडायला एक टिचकी पुरली, परत लिहायला कुणाच्या बापाला येत नव्हतं! भांडले, ओरडले. स्पर्धेला ती गेली नाही ती नाहीच. आणि राग सिस्टिमवर काढू तरी किती? टिचकी माझीच होती.

सुनेला एवढंच सांगितलं, सगळं वापर, पण चाचणी आधी स्वतः सोडव. आणि वह्या उघडत जा.

वह्या उघडल्या त्याच दिवशी मी सगळ्या वर्गासमोर कान धरले. म्हटलं, "तुझंच बरोबर होतं, बाय. बाईंचं चुकलं."

ती उभी राहिली, माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "काल सांजचं तुम्ही धक्क्यावर बसलेलात ना, बाई, तेव्हा बाबा होडी काढायची घाई करीत होते. मीच त्यांना बोलले, कशाला धावताय? बाईंची भरती सकाळीच येऊन गेली, आता उद्या येईल."