मागच्या खोलीतला महिना

ह्यांच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा जबलपूरचे डॉक्टर हसून म्हणाले होते, "अम्मा जी, घबराइए मत, ये तो अच्छा वाला कैंसर है।" मी सगळ्यांना तेच सांगत सुटले. महाराजपुरातल्या आमच्या कॉलनीत निम्म्या बायका थायरॉइडची गोळी घेतात, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कॅन्सरमध्येही चांगला-वाईट असतो आणि आपल्याला चांगला मिळाला, याचा मला चक्क अभिमान वाटत होता. मूर्खपणाला वय नसतं.

ऑपरेशन झालं. पण स्कॅनमध्ये फुफ्फुसात बारीक ठिपके दिसले, म्हणून नागपूरला नेऊन किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं. थायरॉइडची पेशी आयोडीनची हावरी असते, कुठेही लपली तरी ते ओढून घेते आणि त्यातच मरते, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. सगळी भिस्त आता त्या एका औषधावर होती.

घरी सोडताना त्यांनी एक कागद दिला. औषधाचे किरण अंगातून बाहेर पडतात, म्हणून सात दिवस वेगळी खोली, लहान मुलांपासून पंधरा दिवस लांब. आमच्याकडे तीन वर्षांची नात होती. मी कागद फाइलमध्ये सरकवला, ह्यांची खाट मागच्या खोलीत लावली आणि सांगितलं, "डॉक्टरनं महिना सांगितला आहे."

खोटं बोलले. नातीचं निमित्त होतं, भीती माझी होती. जे दिसत नाही, ज्याला वास नाही, ते ह्यांच्या अंगातून निघून माझ्यात शिरेल, असं मला सारखं वाटायचं. नवऱ्याची भीती वाटते हे कुणाला सांगणार? त्यापेक्षा डॉक्टरांचं नाव पुढे केलेलं सोपं.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मला महिन्याचे चार दिवस त्याच मागच्या खोलीत बसवायच्या. हे फॅक्टरीतून सुटले की आईचा डोळा चुकवून खिडकीतून खव्याच्या जिलबीचा पुडा द्यायचे आणि देताना मुद्दाम बोटाला बोट लावायचे. मी म्हणायचे, "विटाळ झाला." हे म्हणायचे, "होऊ दे." आता मी उंबऱ्याबाहेर स्टुलावर ताट ठेवायचे, चार पावलं मागे सरायचे आणि मग हाक मारायचे.

पहिले काही दिवस ह्यांनी चेष्टा केली. "मले वाटलं रिटायर झाल्यावर आराम भेटन. हे तं बाहेर बसणं निघालं." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दारात तरी येऊन बस ना जरा. एकटा बोर होऊन राहिलो."

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. शाळेत तीस वर्षं हेच वाक्य वापरलं होतं, जिभेवर तयारच होतं. त्यानंतर ह्यांनी काही मागितलं नाही.

दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा नागपूरला गेलो. काढलेल्या गाठीचा तुकडा जनुकांच्या तपासणीला गेला होता, त्याचा रिपोर्ट आला होता. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "दोन बदल सापडले आहेत," ते म्हणाले. "बीआरएएफ जनुकातला एकटाच असता तर मला एवढी काळजी नव्हती. सोबत टर्ट जनुकातही बदल आहे. हे दोन जोडीने आले की कॅन्सर आडमुठा होतो." असल्या पेशी आपला मूळ स्वभावच सोडतात. ह्यांच्या ठिपक्यांनी आयोडीन घेतलंच नव्हतं. आता गोळ्या सुरू करू, थोपवतील तेवढं थोपवतील, असं ते म्हणाले. बरे होतील, असं म्हणाले नाहीत.

मी विचारलं, "मग ते औषध ह्यांच्या अंगात राहिलं तरी किती दिवस?"

"बहुतेक सगळं पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे निघून गेलं असेल. त्याला थांबायला जागाच नव्हती."

हे शेजारीच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आमच्या हातात दिवस मोजकेच उरले होते, आणि त्यातला अख्खा महिना मी चार पावलांवर उभी राहून घालवला होता. परतीच्या वाटेवर सिवनी येईपर्यंत मी त्यांचा हात धरून ठेवला होता, आणि तेवढ्यानं काय भरून निघणार, हेही मला कळत होतं.

त्यानंतर हे सव्वा वर्ष होते. शेवटी शेवटी आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. एका दुपारी त्यांना ऊन ऊन पेज भरवत होते, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "त्या कागदावर सातच दिवस लिहिले होते. महिना मी केला."

"माहीत आहे," हे म्हणाले. "पहिल्याच दिवशी वाचला होता."

मी चमचा वाटीत ठेवला. "मग आठव्या दिवशी काहून नाही बोलले तुम्ही? कागद दाखवायचा, म्हणायचं, ये आता आत."

हे माझ्याकडे पाहत कुजबुजले, "दाखवला असता, अन् तरी तू आली नसतीस तं?"