कूलरबुढीच्या घरचा एसी

कूलरबुढीच्या घराले दार होतं, पन ते लागलेलं कोनी पाह्यलं नव्हतं. हवेनं आपटू नये म्हनून दाराले एक जुना वरवंटा टेकवला राहे. आर्णीच्या आमच्या गल्लीत बुढी एकटीच राहे. नवरा गेलेला, एकुलता लेक संजू पुन्याले कंपनीत. पन एकटी म्हनाव तं दुपारी तिच्या ओसरीवर पाय ठेवाले जागा नसे.

कारन तिचा कूलर. ओसरीच्या एका टोकाले लोखंडी स्टँडवर हत्तीएवढा कूलर होता. चालू केला का भितीवरचं कॅलेंडर उडून गल्लीत जाये. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात सावलीच सावली धुंडते, तवा अख्खी गल्ली त्या हवेत येऊन पडे. बुढीचा एकच कायदा होता, "हवा फुकट. पानी आपापलं आनाचं." ज्याले झोपाचं त्यानं घरून एक बकेट आनून कूलरच्या टाकीत ओताची. आमच्या इकडं नळ म्हनजे जावई. कधी येईन सांगता येत नाही, अन् आला का हातचं काम टाकून पळा लागते. म्हनून एका बकेटीची बी किंमत होती.

मी ऑटो चालवतो. शाळेत मी रोज जातो, पन दुसऱ्याचे पोट्टे सोडाले. सोता तिसरीच्या पुढं गेलो नाही. दुपारी सवारी भेटत नाही, तं मी बुढीच्या ओसरीवरचा पर्मनंट. बकेट मातर अर्धीच नेत होतो.

"काहून रे, तुह्या बकेटीले भोक हाये का तुह्या नियतीले?"

"माय, रस्त्यानं सांडलं."

"मंग झोपशीन बी अर्धाच. पाय उन्हात ठेव."

मी हसलो. बुढी हसली नाही. तिनं खरंच माही चटई ओढली अन् माहे पाय ओसरीच्या भाईर काढले. सारी गल्ली पाह्यत होती. तवापासून मी काठोकाठ बकेट आनाले लागलो. माह्या बायकोले अजून पटत नाही, का हा मानूस दुनियेत कोनाच्या तरी धाकात होता.

सारे झोपत, बुढी झोपत नव्हती. तुरीची दाळ निवडत बसे, अन् घोरनाऱ्यायकडं पाहे. म्यां एक डाव इचारलं, "माय, तू काहून पडत नाही घडीभर?" म्हने, "झोप तं मी एकटी असली तरी बी येते बापा. मानसं कुठी येतेत?"

मंग संजूले आईची काळजी लागली. पोट्टा वाईट नाही. लहानपनी 'मले' म्हने, पुन्याले जाऊन 'मला' म्हनाले लागला, एवढंच. फोनवर म्हने, "आई, मला रात्रभर झोप येत नाही. तू त्या उन्हात बाहेर बसतेस." अन् त्यानं एसी धाडला.

मशीन सेलमधी सस्त भेटलं म्हने. पन एसी म्हनजे नवरदेव, एकटा येत नाही, मांगून वरात येते. यवतमाळहून फिटर आला अन् ओसरीवर बसून एकेक सांगाले लागला. मीटरचा लोड वाढवा लागते. जुनी वायर जळीन, मीटरपासून जाडी वायर ओढा लागते. होल्टेज कमी-जास्त होते, तं स्टॅबिलायझर पाह्यजे. सोबत आलेला तांब्याचा पाइप पुरत नाही, वरचा फुटावर इकत घ्या. खिडकीच्या जाळीले काच लावा. दाराखाली फट हाये, तिले रबर ठोका.

बुढी पदर तोंडाले लावून आयकत होती. म्हने, "अरे, एवढ्यात तं मी दुसरं पोट्टं मोठं केलं असतं."

फिटर म्हने, "आजी, मशीन सस्तंच राह्यते. त्याले बसवनंच महाग हाये."

करंट जमिनीत जाव म्हनून आर्थिंगचा खड्डा लागे, तो म्यां खंदला. मजूर कायले लावता, मी हावो ना! त्यात मीठ अन् कोयसा टाकाले फिटरनं सांगतलं. मी मिठाची थैली घेऊन आलो तं बुढी कमरेवर हात देऊन उभी. "मिठात कोनाले गाडून राह्यला रे? मी अजून जित्ती हावो."

मंग राह्यला भाईरचा डब्बा. त्याले स्टँड पाह्यजे, त्याचा वेगळा खर्च. तठी माही अक्कल पाजळली. म्यां म्हनलं, "कूलरचा लोखंडी स्टँड हाये ना! कूलर भंगारात द्या, त्याच्यावर डब्बा बसवा." फिटरनं माह्या पाठीवर थाप मारली. तिसरी नापास मानसाले इंजिनेरची डिग्री भेटल्यावानी वाटलं मले. कूलर मीच ऑटोत टाकून भंगारवाल्याकडं नेला. बुढी गल्लीच्या तोंडापर्यंत ऑटोच्या मांगं मांगं आली, अन् परत गेली.

एसी चालू झाला. आत थंडं, अन् भाईरच्या डब्ब्यातून निंघे भट्टीची वाफ. ती निंघे कुठी? ज्या जागेवरून थंडी हवा येत होती तठूनच, सीधी ओसरीवर. पह्यल्या दिवशी आम्ही सवयीनं बकेटी घेऊन आलो, अन् भाजल्या वांग्यावानी परत गेलो.

बुढीनं एसी बंद ठेवला अन् हातपंखा घेऊन ओसरीवर बसली. काही जन येत राह्यले, पन कूलर गेला तं बसनं बी गेलं. संजूले समजलं का आई एसी लावत नाही. त्यानं घरात वायफाय बसवून घेतलं अन् पुन्यातून आपल्या फोनवरूनच मशीन चालू कराले लागला. बारा वाजले का टुन् वाजे, ओसरीवर वाफ सुटे, अन् बुढीले आत जा लागे. वरून फोन, "आई, दार लाव. थंडी बाहेर जाते."

वरवंटा उचलला गेला. दार लागलं, अन् मंग दिवसभर लागलेलंच राहे.

आता आमच्या गल्लीत बंद दार कोनी वाजवत नाही. दुपारी दार बंद म्हनजे आत नवी जोडी हाये, नाही तं भांडन हाये. दोन्हीत आपलं काम नाही. मी एक डाव हिंमत करून गेलो. बुढी मे महिन्यात शाल पांघरून पलंगावर बसली होती. निवडलेली दाळ परत निवडत होती.

म्यां म्हनलं, "माय, मजा हाये तुही. काश्मीर झालं."

"हाव ना. काश्मीरात मानसं नसतेत वाट्टे." मंग शाल ओढून म्हने, "लाव बापा दार. संजूची थंडी चालली."

"मंग बंद कर ना मशीन!"

"कसं करू? त्याले तठी फोनवर दिसते म्हने. त्याच्या जिवाले लागते."

मंग एक दिवस असंच बाराले टुन् वाजलं. ओसरीवर वाफ सुटली. गल्लीतून जानारा येनारा म्हने, बुढी मस्त आरामात हाये. मी बी समोरच्या निंबाखाली ऑटोत घाम पुसत पडलो होतो, अन् खरं सांगतो, तिच्यावर जळत होतो. संध्याकाळी नळ आला. सारी गल्ली भाईर पळाली, हंडे आपटले, बायायचं भांडन झालं. बुढी आली नाही. नळ आला अन् बुढी आली नाही, तवा आम्ही दार वाजवलं, अन् मंग तोडलं.

डाक्टर म्हने, सकाळीच गेली. अकरा बी वाजले नसतीन.

संजू पुन्याहून येईपर्यंत मशीन बंद करू नका, असं जानत्या मानसायनं सांगतलं. बर्फाची पेटी आनाचं काम पडलं नाही. ज्या खोलीत एवढे दिवस कोनी जात नव्हतं, तठी सारी गल्ली बुढीपाशी दाटली, अन् आंगाले आंग लावून थंडीनं कुडकुडत बसली.

तेरवी झाल्यावर संजू माह्यापाशी येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हने, "भाऊ, त्या दिवशी बारा वाजता मी एसी चालू केला. तेव्हा आई होती ना?"

डाक्टरनं काय सांगतलं ते गल्लीत साऱ्यायले मालूम होतं. कोनी त्याले सांगतलं नव्हतं.

"होती ना," म्यां म्हनलं. "मी दारात गेलतो. म्हने, संजूनं चालू केला पाह्य. मंग थंड्यात निजली."

तो लय रडला. मले मिठी मारली. अन् घराले कुलूप लावाच्या आंधी एसी काढून माह्या हवाली केला. म्हने, "तुम्ही आईचं खूप केलं. तुमच्याकडंच राहू द्या."

बायको म्हने, इकून टाक. मले इकवेना. मी फिटरले बलावलं. तोच आला. माही खोली पाह्यली. वर टिनं, तीन भिता इटांच्या, चौथीले ताडपत्री. मीटर भाड्यानं देनाऱ्याचं. त्यानं टिनाले हात लावला, ताडपत्री उचलून पाह्यली, अन् कपाळाले हात मारला. "भाऊ, एसीले वायर लागते, आर्थिंग लागते, सारं लागते. पन सबसे पह्यले घर लागते."

म्यां म्हनलं, "घर होतं ना बावा. त्याचं दार तूच लावून गेला."

त्याले वाटलं मी गंमतच केली. पोट धरधरून हसला. मंग निंघताना व्हिजिटचे पैसे घेऊन गेला.